हाशिमोटो आणि एमटीएचएफआर: जनुकाच्या नादात गोळीकडे दुर्लक्ष, या चुका टाळा

जनुकचाचणीचा रिपोर्ट आला तेव्हा हाशिमोटोचं, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते त्या आजाराचं, निदान होऊन मला चार वर्षं झाली होती. तिसऱ्या पानावर लाल अक्षरांत छापलं होतं, एमटीएचएफआर सी६७७टी, दोन्ही प्रतींमध्ये बदल. म्हणजे फोलेट (बी९ जीवनसत्त्व) वापरायला मदत करणाऱ्या जनुकाच्या, आई आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती बदललेल्या. थकवा, गळणारे केस, हटून बसलेलं वजन, शब्द न आठवणं, या सगळ्यामागचा चोर एकदम हाती लागला असं वाटलं. त्या उत्साहात पुढचे सहा महिने मी बरंच काही चुकवलं. तुमच्या हातात असाच रिपोर्ट असेल तर आधी हे वाचा आणि मग बाटल्या मागवा.

बायोटिन खाऊन रक्त द्यायला जाणं

सगळ्यांत महागात पडली ती ही चूक, म्हणून ती आधी सांगते.

रिपोर्टनंतर मी ‘मिथाइल’ असं ठळक छापलेली बी-कॉम्प्लेक्सची बाटली आणली. दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारा हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की वाढतो) केला तर ०.०८! आधीचा २.१ होता. फ्री टी४, म्हणजे रक्तातला मोकळा थायरॉइड हार्मोन, वरच्या मर्यादेच्याही पलीकडे गेलेला. डॉक्टरांनी साहजिकच माझी थायरॉइड हार्मोनची गोळी, थायरॉक्सिन, १०० वरून ७५ मायक्रोग्रॅमवर आणली. मी खूश, कारण माझ्या मते जीवनसत्त्वांमुळे ग्रंथी सुधारत होती. पाचेक आठवड्यांत दुपारी तीनला टेबलावर डोकं टेकून झोप लागायला लागली. हातपाय गार, आवाज घोगरा. कागद म्हणत होता हार्मोन जास्त आहे, अंग म्हणत होतं कमी पडतंय.

उत्तर बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडलं. बायोटिन, म्हणजे बी७ जीवनसत्त्व, ५००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० च्या आसपास असते.

अनेक लॅबच्या चाचण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन या घट्ट चिकटणाऱ्या जोडीवर चालतात. रक्तात आधीच भरपूर बायोटिन असलं की ते स्ट्रेप्टाव्हिडिनवरची जागा अडवून बसतं आणि चाचणीचा सिग्नल कमी येतो. टीएसएचच्या चाचणीत कमी सिग्नल म्हणजे कमी टीएसएच. फ्री टी४ची चाचणी उलट्या हिशोबाने चालते, तिथे कमी सिग्नल म्हणजे जास्त टी४. दोन्ही आकडे मिळून गोळी जास्त झाल्याचं चित्र उभं राहतं, आणि ते इतकं सुसंगत असतं की डॉक्टरांनाही शंका येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये बायोटिनमुळे येणाऱ्या चुकीच्या रिपोर्टांबद्दल जाहीर इशारा दिला होता. सगळ्या लॅबची पद्धत अशी नसते, पण आपल्या लॅबची कोणती हे आपल्याला कुठे माहीत असतं?

रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस फार मोठा असेल तर किती दिवस ते लॅबला विचारा. केस-नखांसाठीच्या गोळ्याही पाहा, त्यांत ते हमखास असतं. आणि रिपोर्ट व लक्षणं एकमेकांच्या उलट बोलत असतील तर डोस बदलण्याआधी चाचणी परत करता येईल का, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. मी विचारलं नाही.

चोर चुकीचा पकडणं

हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन केलं, त्यांवरून आजाराला हे नाव मिळालं. आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर चालून जाते, हे १९५६ मध्ये रुग्णांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्यावर कळलं. प्रतिकारशक्तीच्या या स्वभावाशी ज्यांचा संबंध चांगला सिद्ध झालाय ती जनुकं म्हणजे एचएलए, सीटीएलए४, पीटीपीएन२२. एमटीएचएफआर त्या रांगेत नाही.

एमटीएचएफआर जनुकापासून बनणारं त्याच नावाचं एन्झाइम फोलेटला अशा रूपात (मिथाइलफोलेट) आणतं की त्याच्या मदतीने शरीर होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मेथिओनिन करतं. सी६७७टी बदलामुळे एन्झाइम उष्णतेला कमी टिकतं. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर प्रयोगशाळेत त्याची क्षमता जेमतेम ३० टक्के भरते, आणि रिपोर्टवाले हाच आकडा मोठा करून छापतात. पण तेवढंच फॉलिक ॲसिड (गोळ्यांतलं फोलेट) घेणाऱ्यांची तुलना केली तर अशा लोकांच्या रक्तातलं फोलेट साधारण १६ टक्केच कमी असतं. हा बदल अगदी सर्रास आढळतो. तो म्हणजे काही आजार नाही.

आधी होमोसिस्टीन, मग थायरॉइड

क्रम उलटा हवा. थायरॉइड कमी असलं की होमोसिस्टीन आपोआप वाढतं, आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर खाली येतं. एमटीएचएफआरला काम करायला रायबोफ्लेविनपासून (बी२ जीवनसत्त्व) बनणारा एफएडी हा मदतनीस रेणू लागतो. बदललेलं एन्झाइम हे एफएडी सहज गमावतं, आणि थायरॉइड हार्मोन कमी असताना रायबोफ्लेविनचं एफएडीत रूपांतरच मंदावतं. जनुकाची जी कमजोरी म्हणून आपण घाबरतो, तिच्यातला काही भाग अर्धवट भरलेल्या थायरॉइडचाच असू शकतो. म्हणून टीएसएच स्थिर झाल्याशिवाय होमोसिस्टीनच्या आकड्यावर उड्या मारू नका.

फॉलिक ॲसिडला विष समजणं

हा बदल असलेल्यांनी फॉलिक ॲसिडला हातही लावू नये, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरं नाही. हा बदल असला तरी शरीर फॉलिक ॲसिड वापरतं. बाळाच्या मज्जारज्जूचे दोष टाळण्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमचा सल्ला दिला जातो, आणि तसा पुरावा फॉलिक ॲसिडचाच आहे, मिथाइलफोलेटचा नाही. मूल हवं असेल त्या बाईने भीतीपोटी ते सोडणं ही या यादीतली सर्वांत धोकादायक चूक. दिवस गेल्याचं कळताच टीएसएचही लगेच करून घ्यायचा. थायरॉक्सिनची गरज तेव्हा बऱ्याचदा २५ ते ५० टक्क्यांनी वाढते आणि पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबणं परवडत नाही.

बी१२ न तपासता फोलेटचे मोठे डोस घेणंही तितकंच वाईट. बी१२च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी मात्र चालू राहते. हाशिमोटो असलेल्यांमध्ये बी१२ शोषू न देणारा पर्निशियस ॲनिमिया इतरांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे आपल्याला ही तपासणी टाळून चालत नाही.

सगळ्या गोळ्या एका मुठीत

मी सकाळी थायरॉक्सिन, लोह आणि कॅल्शियम एकाच घोटाबरोबर घ्यायचे. डबीत एका खणात सगळं, किती सोयीचं! लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तास हवेत. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. कॉफीसुद्धा तेवढ्या वेळानंतरच. सकाळ जमतच नसेल तर रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, पण डॉक्टरांशी बोलून. मी आता दोन डब्या ठेवते. थायरॉक्सिनची पलंगाशेजारी, बाकीची ऑफिसच्या खणात.

डोस बदलला की दहा दिवसांत टीएसएच करायला धावू नका. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस घेतं, त्यामुळे खरा आकडा सहा ते आठ आठवड्यांनीच दिसतो. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) दर तीन महिन्यांनी मोजण्यातही पैसे जातात, डोस त्यावरून ठरत नाही. आणि ‘थायरॉइडला बळ’ म्हणून विकलं जाणारं जादा आयोडीन तर हाशिमोटोत उलट त्रास वाढवू शकतं.

टीएसएच नीट असूनही थकवा जात नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, सिलिएक (गव्हातलं ग्लूटेन न चालणं) आजाराची तपासणी आणि झोपेत श्वास अडकतो का, हे डॉक्टरांबरोबर आधी पाहा.

माझी गोळी परत १०० वर गेली. टीएसएच दोनच्या घरात आल्यावर, बायोटिन बंद ठेवून, होमोसिस्टीन केलं. ९.४ आलं, पूर्ण नॉर्मल. बाटलीत तेव्हा चाळीस गोळ्या उरल्या होत्या.