अक्वायर्ड हिमोफिलिया ए: इनहिबिटरचा आकडा वाचताना या चुका टाळा

अक्वायर्ड हिमोफिलिया ए म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठ या प्रथिनाविरुद्ध शरीराने स्वतःच अँटिबॉडी (इनहिबिटर) बनवणं. सत्तरीतला माणूस, अंगभर काळेनिळे डाग, घरात कोणालाच रक्तस्रावाचा आजार नाही. रक्त गोठण्याच्या चाचण्यांत पीटी नॉर्मल, एपीटीटी मात्र लांबलेला, ८० सेकंद. लॅबमध्ये रुग्णाचा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून लगेच एपीटीटी लावतात, तो ३८ येतो आणि 'करेक्ट झाला, फॅक्टरची कमतरता' असा रिपोर्ट जातो. मग एफएफपीच्या (गोठवलेल्या प्लाझ्माच्या) पिशव्या चढत राहतात, रक्त थांबत नाही. फॅक्टर आठविरुद्धची अँटिबॉडी सावकाश काम करते, म्हणून लगेचचा आकडा फसवतो. मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवा. दोन्ही प्लाझ्मा वेगवेगळे तेवढाच वेळ ठेवून नंतर मिसळलेली कंट्रोल नळीही लावा, कारण फॅक्टर आठ ठेवल्या ठेवल्याही घटतो. दोन तास ज्याला धीर निघत नाही, त्याने ही टेस्ट लावूच नये.

लाइनमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) घेतलेलं सॅम्पल असेल तर आधी थ्रोम्बिन टाइम बघा; नळीतल्या हेपरिननेही (गोठण रोखणाऱ्या औषधाने) एपीटीटी लांबतो आणि बरेच जण फसतात.

याहून जास्त डोकं फिरतं ते बेथेस्डा टायटर (इनहिबिटर किती जोरदार आहे त्याचा आकडा) प्लाझ्माच्या एकाच डायल्यूशनवरून (एकदाच पातळ करून) काढलेला बघून. या आजारातली अँटिबॉडी बहुधा टाइप २ पद्धतीने वागते, म्हणजे पातळ केल्यावर परिणाम त्याच प्रमाणात उतरत नाही, आलेख सरळ येत नाही. समजा, १:४ वर ३५ टक्के फॅक्टर उरला: ६ युनिट. १:८ वर ४५ टक्के: ९. १:१६ वर ५२ टक्के: १५. प्लाझ्मा तोच! ५० टक्क्यांच्या सर्वांत जवळचं डायल्यूशन धरा आणि पुढच्या वेळीही तीच रीत ठेवा, नाहीतर टायटर वाढला की उतरला हे कळणारच नाही. रुग्णाचा स्वतःचा फॅक्टर आठ शिल्लक असेल तर तो मोजणीत मिसळू नये म्हणून आधी प्लाझ्मा ५६ अंशांवर अर्धा तास तापवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या.

आणि फक्त टायटरवरून भविष्य सांगू नका. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १०२ रुग्णांच्या जीटीएच (रक्त गोठण्याच्या विकारांवरची तज्ज्ञ-संस्था) अभ्यासात सुरुवातीचा फॅक्टर आठ १ टक्क्याखाली असलेल्यांना रेमिशन (आजार आटोक्यात येणं) उशिरा आणि कमी वेळा मिळालं. त्याच रुग्णांमध्ये फॅक्टर आठविरुद्ध आयजीए प्रकारची अँटिबॉडी असणं हेही वाईट लक्षण ठरलं. बेथेस्डा टेस्ट अँटिबॉडीचे आयजीजी आणि आयजीए हे प्रकार वेगळे दाखवत नाही. त्यासाठी एलायझा ही निराळी अँटिबॉडी-चाचणी लागते. ती सगळीकडे होत नाही, पण पहिलं सॅम्पल स्टिरॉइड सुरू करण्याआधी उणे ८० अंशांवर ठेवायला काय जातं?

आकडा वाईट म्हणून इम्युनोसप्रेशन (स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) बेसुमार वाढवणंही चूकच. त्याच अभ्यासात रक्तस्रावापेक्षा संसर्गाने जास्त रुग्ण गेले.

एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं औषध) चालू असेल तर एपीटीटी आणि वन-स्टेज फॅक्टर आठ (एपीटीटीवर आधारलेली मोजणी) दोन्ही फसवे. अशा वेळी बोवाइन (गायीच्या) रिएजंटची क्रोमोजेनिक (रंगावरून मोजणारी) टेस्टच लावा, शेवटच्या डोसनंतरही काही महिने.