शोकांतिका नाटकाची किशोर कादंबरी करताना

जुन्या नाटकाची आजची कादंबरी करायला बसलेला लेखक बहुधा आधी काळ बदलतो. वाड्याच्या जागी फ्लॅट येतो, घोड्याच्या जागी दुचाकी येते, पत्राच्या जागी मोबाइल येतो. हे काम सोपे आहे, म्हणूनच ते शेवटी करावे. आधी शोधायची ती नाटकातली अशी जागा, जिथे पात्राने स्वतःहून घेतलेला निर्णय पुढे कोणालाच, अगदी त्यालाही, मागे घेता येत नाही. शोकांतिकेचा सारा भार त्या एका जागेवर असतो, आणि ती हातातून निसटली तर उरते ती केवळ दुःखद घटनांची मालिका.

उदाहरणासाठी ‘एकच प्याला’ घेऊ. राम गणेश गडकरी यांनी आपल्या नागपूर जिल्ह्यातील सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला आणि त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. वकील सुधाकराची सनद काही काळासाठी जाते, अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पेला देतो आणि संसार बुडतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण माझ्या मते परतीचा दोर पहिल्या पेल्यापाशी तुटत नाही. व्यसन सोडण्याचा निश्चय करून तो कामासाठी लोकांच्या दारी जातो, तिथून अपमानित होऊन परततो आणि मग पूर्ण शुद्धीत पुन्हा दारूकडे वळतो, तिथे तो दोर तुटतो. कादंबरीची जास्तीत जास्त पाने या प्रसंगाच्या अलीकडे-पलीकडे खर्च करावीत. आजचा सुधाकर नागपूर खंडपीठात वकिली करणारा असू शकेल. तो दारू सोडून पुन्हा न्यायालयाच्या आवारात पाऊल टाकतो, त्या दिवशी जुने सहकारी त्याच्याशी कसे वागतात, कोण नजर चुकवते, कोण अतिगोड बोलते, हे सारे सावकाश लिहावे.

दुसरा प्रश्न कथा कोणी सांगायची हा आहे. रंगमंचावर पात्र स्वगतातून मन उघडे करते. कादंबरीत तेच स्वगत जसेच्या तसे उतरवले की भाषण होते. किशोर वाचकासाठी मोठ्यांच्या शोकांतिकेकडे पाहणारी एक तरुण नजर हवी, आणि ती बाहेरून आणण्याची गरज क्वचितच पडते. ‘एकच प्याला’त सुधाकराची बहीण शरद आहेच. मूळ नाटकातल्या या बालविधवेला आजची दहावीतली मुलगी करावे आणि तिला सारे दिसू द्यावे, पण सारे कळू देऊ नये. उदाहरणार्थ, पहिली शंका अशी मांडता येईल:

‘दादा हल्ली रात्री स्वतःचा पेला स्वतःच घासून ठेवायचा. वहिनीला त्याचं कौतुक वाटलं; आईला फोनवर दोनदा सांगितलं तिने. मी सकाळी पाणी प्यायला तोच पेला उचलला, तर त्याला साबणाचा इतका वास की पाणी प्यायलाच गेलं नाही. एका पेल्याला एवढा साबण कशाला लागतो, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.’

इथे दारू हा शब्दसुद्धा नाही. चौदा वर्षांच्या वाचकाला शरदच्या आधी सत्य कळते, आणि ते तिला ओरडून सांगता येत नाही हा ताण पुढची कितीतरी पाने पुरतो.

सुधाकराची पत्नी सिंधू हिचे काय करावे, हा सर्वांत कठीण भाग. तिची सोशिकता मूळ नाटकात आदर्श म्हणून येते. मरतानाही ती पतीला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. आजच्या मुलींच्या हाती हा आदर्श म्हणून देणे मला मान्य नाही. मात्र तिला पहिल्याच प्रकरणात बंडखोर केले तर नाटकच संपते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा आहे, माहेरी श्रीमंत भाऊ आहे, तरीही ती का थांबते, याचे पटणारे उत्तर लेखकाने शोधलेच पाहिजे. आणि त्या उत्तराशी शरद सहमत नसावी. दोघींचा वाद पुस्तकात प्रत्यक्ष घडावा.

मोबाइलने मात्र अनेक जुन्या कथानकांचा कणाच मोडतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये पत्र घेऊन निघालेल्या साधूला साथीच्या संशयावरून एका घरात कोंडले जाते आणि रोमिओला खरी बातमी मिळत नाही. फोनची बॅटरी संपली, ही आजची पळवाट वाचक क्षणभरही स्वीकारणार नाही. त्यापेक्षा मुलीचा फोन घरच्यांनी काढून घेतला आहे, चुलतभाऊ तिच्या नावाने खोटे संदेश पाठवतो आहे, आणि खरा संदेश वेळेवर पोहोचतो पण मुलगा त्यावर विश्वास ठेवत नाही, असे केले तर अपघाताची जागा अविश्वास घेतो. आपल्या काळाला तो अधिक शोभतो. नाटकाच्या आरंभीच्या रस्त्यावरच्या मारामारीसाठी नागपूरकराला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून निघणारी मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक, तिची गर्दी आणि घोषणा त्या प्रसंगाला आपसूक सामावून घेतील. मूळ कथा रविवार ते गुरुवार एवढ्याच दिवसांत घडते. ती घाई जपावी, कारण त्या वयातल्या निर्णयांचा वेग तीच दाखवते.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांत ‘काऊन बे, काय करून राहिला?’ अशी इथली बोली मोकळेपणाने येऊ द्यावी, पण फक्त विनोदी पात्रांच्या तोंडी नव्हे. नायकाने त्याच बोलीत रडावे. ग्रीक नाटकांतल्या कोरसचे, म्हणजे घटनांवर भाष्य करणाऱ्या समूहाचे, काम सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहाकडे सहज जाते.

मुलांसाठी लिहितो म्हणून मृत्यू गाळू नये. तो कसा लिहायचा, हे ग्रीकांकडून शिकावे: तिथे मृत्यू बहुधा पडद्याआड घडतो आणि दूत येऊन तो सांगतो. विशेषतः आत्महत्येची पद्धत आणि साधने यांचे वर्णन टाळावे, ती सुटका किंवा प्रेमाचा पुरावा वाटेल अशी भाषा वापरू नये, आणि मागे उरलेल्यांसाठी निदान दोन प्रकरणे राखून ठेवावीत. नाटकात पडदा पडतो, कादंबरीत दुसऱ्या दिवशीची शाळा असते. पुस्तकाच्या अखेरीस टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अवश्य छापावा.

हक्कांचे आधीच पाहून घ्यावे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतात, त्यामुळे गडकरी आणि शेक्सपिअर मोकळे आहेत. पण ‘नटसम्राट’ला हात लावायचा तर परवानगी लागेल, कारण शिरवाडकर १९९९ साली गेले. परदेशी नाटकाचा अलीकडचा मराठी अनुवाद वापरायचा असेल तर त्या अनुवादाचे हक्कही वेगळे असतात.

पहिला खर्डा झाला की तो तेरा ते सोळा वर्षांच्या दोन-चार मुलांना द्यावा. आवडला का, असे विचारू नये. भिडेखातर ती हो म्हणतात. त्यांच्या हाती पेन्सिल देऊन, जिथे जिथे नायकाला थांबवावेसे वाटले तिथे समासात खूण करायला सांगावे. सगळ्या खुणा शेवटच्या दहा-पंधरा पानांत दाटल्या असतील, तर शेवटाला हात न लावता पहिला भाग पुन्हा लिहायला घ्यावा.