शॉर्ट टर्म मिशन ट्रिपला पहिल्यांदा निघताय? औषधांच्या बॉक्सचं आधी वाचा

शॉर्ट टर्म मिशन ट्रिप म्हणजे चर्चतर्फे थोड्या दिवसांसाठी परदेशात सेवेला जाणं. मंडळीतून, म्हणजे आपल्या चर्चमधून, नाव दिलंय, खर्चासाठी मदत मागणारी सपोर्ट लेटरं पाठवून झालीत, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, घरचेही तयार झालेत, म्हणजे आता फक्त बॅग भरायची राहिली असं वाटतं. पासपोर्टची मुदत वगैरे तुम्ही बघितलीच असेल, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय औषधांवर, कारण आमची अख्खी टीम तिथेच लटकली होती आणि तरी अजून दर नव्या टीमच्या पॅकिंग लिस्टमध्ये तीच ओळ दिसते, "मेडिकल कॅम्पसाठी प्रत्येकाने औषधांचा एक बॉक्स घ्यावा."

ऐकायला छान वाटतं. उपासनेनंतर अनाउन्समेंट होते, लोक प्रेमाने घरात उरलेल्या स्ट्रिप्स आणून देतात, कोणीतरी डॉक्टरकडची फ्री सॅम्पलं देतं, आणि सगळं थोडं थोडं प्रत्येकाच्या बॅगेत जातं. मग तिकडच्या एअरपोर्टवर कस्टम्सवाला बॅग उघडायला लावतो आणि विचारतो की एवढी औषधं कोणासाठी, परवानगीचं पत्र कुठंय, कोणती संस्था ताब्यात घेणार, आणि तुमच्या फॉर्मवर तर येण्याचं कारण पर्यटन लिहिलेलं. पर्यटकाला एवढी अँटिबायोटिक्स कशाला लागतात? आम्ही एकमेकांची तोंडं बघत उभे. बाहेर तिथले पास्टर भाड्याची गाडी घेऊन ताटकळत होते आणि ते वाढीव भाडं त्यांच्याच खिशातून गेलं, हे आम्हाला पार निघायच्या दिवशी कळलं.

पण समजा बॉक्स सुटला, तरी खरी गोची पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम १९९६ पासून आहेत, २०१० मध्ये सुधारून पुन्हा निघाले, आणि त्यात सरळ लिहिलंय की घेणाऱ्याच्या संमतीशिवाय औषधं पाठवू नका, पोचल्यावर एक्सपायरीला साधारण किमान एक वर्ष बाकी हवं, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि पेशंटनी परत केलेली किंवा फ्री सॅम्पलची औषधं तर अजिबात नकोत. म्हणजे आपला बॉक्स कशाचा बनलेला असतो बघा, नेमकं जे देऊ नये म्हणतात त्याचाच.

आता बीपीचं घ्या. कॅम्पमध्ये एक आजी आल्या, मशीनवर आकडा भलताच वर. टीममधल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुभाष्याने रोज एक असं समजावलं, आजींनी मान डोलावली आणि तिथेच उभ्या उभ्या स्ट्रिप मधोमध दुमडून फाडली, अर्धी पदराआड, अर्धी नातीच्या हातात, घरी आजोबांचं पण डोकं दुखतं म्हणून. कोणाला ओरडणार? आणि नीट घेतल्या असत्या तरी स्ट्रिप संपल्यावर काय? बीपीची गोळी बहुतेकांना कायम घ्यावी लागते, आपण तर आठवड्यात विमानात. त्यातून तिथली नर्स, जी वर्षभर त्याच लोकांना बघते, तिच्याकडे थोडी फी भरून जायचं सोडून लोक फुकटवाल्या पाहुण्यांची वाट बघत बसतात. हे तिनेच मला सांगितलं, हसत सांगितलं, पण सांगितलं.

म्हणून यादी तिकडून मागवा. तिथल्या पास्टरना नाही, दवाखान्यात रोज बसणाऱ्या माणसाला विचारा, आणि मिळत असेल तर तिथेच विकत घ्या, पैसे दवाखान्याच्या पावतीवर द्या. तुमच्या डॉक्टरला त्या देशात तपासायची तात्पुरती परवानगी लागते का ते लेखी विचारून घ्या. आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी "इथे चालतं" म्हणून इंजेक्शन द्यायचं नाही. जे घरी करू देत नाहीत ते गरिबांवर करायचं नाही, बास.

टुरिस्ट व्हिसावर जाऊ, कोण बघतंय, असं म्हणणारा लीडर असेल तर मी तरी त्या टीममध्ये जाणार नाही. विश्वासाने चला म्हणणारे खूप भेटतात, कागद वाचणारे कमी, आणि मला कधीही दुसरे चालतील, भले ते किरकिरे असोत. उदाहरणार्थ, नेपाळमध्ये धर्मांतर करवणं हा २०१७ च्या फौजदारी कायद्याने गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुम्ही आपल्या विश्वासाची साक्ष देऊन विमानात बसाल, चौकशीला मात्र तिथली मंडळी सामोरी जाईल.

अनाथाश्रमात एक दुपार खेळायला जायचा प्लॅन असेल तर तो पण काढून टाका. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, आणि पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं गोळा करण्याचा धंदा इतका वाढला की ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा कायदा करताना त्याची दखल घेतली.

एवढं वाचून जावं की नाही असं वाटत असेल तर जा हो, नक्की जा. मला काही येत नाही, मी काय सेवा करणार, ही भीती प्रत्येकाला असते आणि खरं सांगू, काही न येणारे जास्त कामाला येतात, कारण ते विचारतात. भांडी घासा, पाणी भरा, म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांची गाणी शिका. भाषा येत नाही तरी दोन दिवसांत लोक तुम्हाला नावाने हाका मारतात.

स्वतःच्या तब्येतीचं तेवढं बघा. यलो फीव्हरची लस लागणाऱ्या देशात जात असाल तर सर्टिफिकेट लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काही सात दिवस, काही चार आठवडे, डॉक्टर सांगतील तसं; घरी पोचलो म्हणून मध्येच सोडणारे मी बघितलेत. आणि नंतर काही महिन्यांत जरी ताप आला तरी दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच, की मी अमुक देशात जाऊन आलोय.