लिंक्डइनवरून नवीन काम येत नाही? या चुका टाळा

प्रोफाइल आहे, हजारभर कनेक्शन आहेत, अधूनमधून पोस्टही पडते. पण तिथून ग्राहक मात्र एकही आलेला नाही. स्वतंत्र काम करणारे आणि छोट्या कंपन्यांचे मालक ही तक्रार नेहमी करतात. बहुतेक वेळा अडतं ते एकाच ठिकाणी: समोरच्याला काय हवंय हे कळायच्या आधीच आपण विकायला लागतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रिक्वेस्ट स्वीकारली रे स्वीकारली की जाहिरात पाठवणं. नमुना ओळखीचाच आहे: ‘जोडल्याबद्दल धन्यवाद. आमची कंपनी अनेक वर्षं दर्जेदार सेवा देत आहे. १५ मिनिटांचा कॉल करू या का?’ यात समोरच्याविषयी एक अक्षर नाही. हाच मजकूर आणखी दोनशे जणांना गेलाय, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. शिवाय अनोळखी माणसाकडे तुम्ही थेट १५ मिनिटं मागताय.

आता समजा, तुम्ही मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवता आणि एका व्यावसायिकाने दुसरं गोदाम सुरू केल्याची पोस्ट टाकली आहे. त्याला असं लिहून बघा: ‘दुसऱ्या गोदामाबद्दल वाचलं, अभिनंदन. दोन्हीकडचा माल एकाच यादीत दिसतो, की वेगवेगळ्या शीट ठेवाव्या लागतात?’ बस, एवढंच. उत्तर एका ओळीत देता येतं आणि विचारणाऱ्याला या कामातलं कळतं, हेही दिसतं. ‘वेगवेगळ्या ठेवतो, फार वैताग आहे’ असं उत्तर आलं, की बोलणं सुरू झालं. ‘एकाच यादीत दिसतो’ असं आलं, तर इथे आपलं काम नाही हे दोन ओळींत कळलं, हाही फायदाच.

अशी चौकशी रोज पन्नास जणांकडे करता येणार नाही, आणि करूही नये. मोफत खात्यावर नोटसह, म्हणजे सोबत छोटा मजकूर लिहून, रिक्वेस्ट महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. आपोआप मेसेज आणि रिक्वेस्ट पाठवणारी टूल्स वापरणं तर लिंक्डइनच्या नियमांविरुद्ध आहे. खात्यावर बंधनं येऊ शकतात. वर्षानुवर्षं जमवलेल्या ओळखी त्यासाठी पणाला लावू नका.

तरीही रिक्वेस्ट पडून राहत असतील, तर हेडलाइन, म्हणजे प्रोफाइलवरची नावाखालची ओळ, बघा. सर्चमध्ये, रिक्वेस्टमध्ये, कमेंटखाली नावाबरोबर तीच दिसते. तिथे २२० अक्षरांची जागा असते, पण अनेक ठिकाणी सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. ‘संस्थापक आणि संचालक’ यातून तुमचं पद कळतं, काम कळत नाही. ‘छोट्या कारखान्यांचा मालसाठा आणि हिशोब एका जागी आणतो’ हे ज्याला हवंय, तो थांबतो.

आणखी एक चूक सहसा लक्षातही येत नाही: फक्त अनोळखी ‘मोठ्या’ माणसांच्या मागे लागायचं आणि जुन्या ओळखी तशाच सोडून द्यायच्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं, की नवी माहिती बहुधा जवळच्या मित्रांकडून येत नाही, लांबच्या ओळखीतून येते. कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. ग्रॅनोव्हेटर यांचं संशोधन नोकऱ्यांकडे बघून झालं, पण माझ्या मते धंद्यालाही ते लागू पडतं. आधीच्या नोकरीतले सहकारी, काम संपलेले ग्राहक, जुने पुरवठादार यांची यादी काढा. हव्या त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर तुमच्या दोघांच्या ओळखीचं कोण आहे, हे दिसतं. त्याच्याकडे ओळख करून द्यायची विनंती करताना पुढे पाठवायचा चार ओळींचा मजकूर तुम्हीच लिहून द्या. ‘जरा बोलून बघ ना’ असं मोघम सांगितलं, की ते काम त्याच्या अंगावर पडतं आणि राहून जातं.

पोस्टला लाइक येतात पण विचारणा येत नाही? लाइक करणारे कोण आहेत ते बघा. सगळे तुमच्याच व्यवसायातले असतील, तर तुम्ही त्यांच्यासाठीच लिहिताय. ग्राहक फोनवर नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं लिहा.

शेवटचा अडथळा म्हणजे ‘बघून कळवतो’. त्यानंतर ‘काही ठरलं का?’ एवढंच विचारत राहिलात, तर मेसेज नकोसे होतात. आठवडाभराने लिहा, पण काहीतरी नवीन घेऊन: त्यांनी सांगितलेल्या अडचणीवरचा एक उपाय, किंवा तसंच काम झालेल्या ग्राहकाचा अनुभव, त्याची परवानगी घेऊन. प्रस्ताव आणि दर ईमेलवर पाठवा, चॅटमध्ये ते हरवतात. कोणाशी काय बोलणं झालं आणि पुढे कधी लिहायचं, याची साधी नोंद ठेवा. दोनदा उत्तर आलं नाही, तर तिसऱ्यांदा मागे लागू नका. कनेक्शन राहू द्या आणि त्यांच्याकडे खरंच काही नवीन घडलं, की त्याविषयी लिहा.