टमाटरच्या मुळाशी सुडोमोनास: कधी, किती, कसं

हिरवंगार टमाटर भर दुपारी माना टाकायला लागलं, की समजावं, बहुधा मर रोग खोडापर्यंत पोचला. त्या झाडाला सुडोमोनास, म्हणजे पावडरीच्या पाकिटात मिळणारा उपयोगी जिवाणू, वाचवत नाही. हा जिवाणू रोगाआधी मुळांवर वसला तरच मुळांतून पाझरणारं अन्न आणि मातीतलं लोह स्वतः घेतो, रोगजंतूंना मारक द्रव्यं सोडतो. म्हणून सुरुवात रोपवाटिकेतून करा.

पाकीट घेताना अंतिम तारीख आणि ग्रॅममागे किमान १० कोटी जिवाणू, हे दोन्ही बघा. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं पाकीट तारखेत असलं तरी भरवशाचं नाही. घरीही सावलीतच ठेवा.

साध्या बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम पावडर चोळून सावलीत सुकवा. संकरित बियाण्याला रंगीत लेप असेल तर त्यात बहुधा बुरशीनाशक असतं; तिथं बियाणं सोडा, उगवणीनंतर ट्रेमध्येच लिटरला १० ग्रॅमची आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळाशी ओता. लागवडीच्या दिवशी याच प्रमाणाच्या द्रावणात मुळं अर्धा तास बुडवा आणि रोपं संध्याकाळी लावा. पाणी विहिरीचं घ्या. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातं.

शेतासाठी एकरी १ किलो पावडर ५० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, पाणी शिंपडून आठवडाभर गोणपाटाखाली सावलीत ठेवा. मग वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, वरंब्यावर टाकून लगेच मातीआड करा. कोरड्या मातीत, उन्हात उघडं पडलेलं खत म्हणजे मेलेले जिवाणू.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. चार झाडं वाळली की घाबरून कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी होते. तांबं रोगजंतूबरोबर सुडोमोनासलाही मारतं. दोन्हींत किमान १५ दिवस जाऊ द्या, आणि एका टाकीत तर कधीच मिसळू नका.

आधी रोग ओळखा. वाळलेल्या झाडाचं बुडाजवळचं खोड कापून टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात न हलवता धरा. दोन-चार मिनिटांत कापापासून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर. धागा नाही, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा आणि खालची पानं पिवळी असतील तर बहुधा फ्युजॅरियम बुरशी. पानं आकसून वर वळली असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असू शकतो. त्यावर मुळाशी ओतून काही होत नाही.

नागपूरजवळच्या हिंगणा-कळमेश्वरकडच्या काळ्या जमिनीत मात्र एक गोष्ट आधी हवी: उंच गादीवाफा आणि पाण्याला वाट. पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, सुडोमोनासलाही हवा मिळत नाही, आणि रोगजंतू त्याच पाण्याबरोबर सरीभर पसरतो. जिवाणूजन्य मर असलेलं झाड मातीच्या गोळ्यासकट उपटून शेताबाहेर न्या. त्या जागी पुढची दोन-तीन वर्षं टमाटर, वांगं, मिरची, बटाटा नको. मका किंवा ज्वारी घ्या.