शेकाट्याचा फोटो काढायला घमेलं न्या

उथळ पाण्यात चरणाऱ्या शेकाट्या, तुतारी अशा पाणपक्ष्यांचे फोटो उभ्याने काढले की वरून काढल्यासारखे दिसतात. मागे नुसता चिखल, आणि पक्षी त्यात हरवलेला. कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणायचा तर तिपाई तेवढी खाली जात नाही आणि वाळूची पिशवी चिखलात रुतते.

उपाय घरातच आहे. प्लास्टिकचं पसरट घमेलं घ्या, त्यात तांदळाने अर्धी भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. घमेलं रुतत नाही. पोटावर झोपून हळूच पुढे सरकवता येतं. खाली अंथरायला खताचं रिकामं पोतं पुरतं.

१. कोल्हापुरात कळंबा किंवा रंकाळा तलावावर सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे ऊन पाठीमागून येतं.
२. पक्ष्याच्या मागे जाऊ नका. तो काठाकाठाने ज्या दिशेला चरत निघालाय, तिकडे बरंच पुढे जाऊन आडवे व्हा. तो आपणहून जवळ येतो. हे जमलं की निम्मं काम झालं!
३. शटर १/१००० किंवा जास्त वेगाचा ठेवा, चोच फार झपाट्याने चालते.
४. शेकाट्याचं पोट पांढरंशुभ्र, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी करा. फ्रेममध्ये खाली जागा सोडा. लांब गुलाबी पायांचं प्रतिबिंब कापलं गेलं तर हळहळ वाटते.

उन्हाळ्यात टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर अंडी जवळच उघड्या जमिनीवर आहेत. आल्या पावली मागे फिरा.