गिअरलेस स्कूटरचा क्लच घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेस या जातीच्या स्कूटरला क्लचचा लिव्हर नसतो, पण क्लच असतो. मागच्या चाकाशेजारच्या पुलीवर तीन शू, म्हणजे बाहेरून लायनिंग (घासून पकडणारा थर) लावलेले कमानदार तुकडे, बसवलेले असतात. रेस वाढली की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या लोखंडी ड्रमला आतून घासून पकडतात. निघताना गाडी थरथरत असेल, किंवा चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी ओढत नसेल, तर पहिला संशय या शूंवर घ्या. फक्त टॉप स्पीड कमी झाला असेल, तर दोष बहुधा पुढची आणि मागची पुली जोडणाऱ्या पट्ट्याचा किंवा पुढच्या पुलीतल्या रोलरचा असतो.

थरथरणारा प्रत्येक क्लच झिजलेला नसतो. पुष्कळदा शूवर नुसती काचेसारखी चकाकी चढलेली असते आणि ती अर्ध्या तासात निघते. म्हणून आधी उघडा, मोजा आणि मगच पार्ट आणा.

लागणारे सामान: गोटी पान्यांचा सेट (8 ते 19 मिमी), ड्रम धरायला पट्ट्याचा पाना (स्ट्रॅप रेंच), व्हर्निअर कॅलिपर, 120 नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, रबरी हातोडी, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणि मास्क. मास्क टाळू नका. जुन्या किंवा अनोळखी बनावटीच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ हवा मारून कधीच उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसायची.

उघडणे. गाडी थंड असताना डबल स्टँडवर घ्या. किक कोणत्या दाताला बसली आहे त्याची खूण करून ती काढा. डाव्या कव्हरचे बोल्ट बहुतेक 8 मिमीच्या गोटीने निघतात, पण त्यांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. आखूड भोकात लांब बोल्ट पिळला तर केसिंगचे आटे जातात. कव्हर चिकटलेले असेल तर रबरी हातोडीने ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

आता ड्रम पट्ट्याच्या पान्याने धरून मधला नट सोडवा आणि ड्रम बाहेर ओढा.

तपासणे. तिन्ही शूंची लायनिंग मोजा. साधारण 2 मिमीपेक्षा कमी उरली असेल तर शू बदला. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच माना. एकच शू जास्त झिजला असेल तर शूंच्या पिना जाम झाल्या असण्याची शक्यता असते. ड्रम आतून निळसर झालेला दिसला तर तो तापला आहे. नखाला अडेल एवढी खाच पडली असेल तर तो बदलावाच लागेल.

लायनिंगला तेल लागले असेल तर ते शू टाकून द्या, ते धुऊन सुधारत नाहीत. आणि नवे टाकण्याआधी ऑइल सील (तेल बाहेर झिरपू न देणारे रबरी कडे) बदला, नाहीतर महिन्याभरात नवे शूही वाया जातील.

चकाकी काढणे. लायनिंग जाड असेल तर तिच्यावर आणि ड्रमच्या आत पॉलिश पेपर आडवा-तिरपा फिरवा. चकाकी जाऊन पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसला की थांबा. ब्रेक क्लीनरने धुवा. शूच्या पिनांना मोहरीच्या दाण्याएवढेच ग्रीस लावा, जास्तीचे ग्रीस उडून लायनिंगवरच जाते. शूंच्या तीन छोट्या स्प्रिंगांपैकी एक जरी ताणली गेली असेल तरी तिन्ही बदला.

शू बदलणे. इथे घाई नको. मागची पुली हातांनी फाकवून पट्टा खोल दाबा. पुढे ढील मिळते आणि पुली क्लचसकट बाहेर येते, पुढची पुली उघडावी लागत नाही. क्लचचा मोठा नट (बऱ्याच मॉडेलना 39 मिमी) मागे दाबलेली जाड स्प्रिंग धरून असतो. तो फक्त अर्धा फेरा ढिला करा, मग सुताराच्या क्लॅम्पने क्लच पुलीवर घट्ट दाबा आणि त्यानंतरच नट पूर्ण काढा. क्लॅम्पशिवाय काढलात तर नट आणि प्लेट तोंडावर उडतात. क्लॅम्प नसेल तर तेवढी जोडणी गॅरेजमध्ये नेऊन नट उघडून आणा, त्यात कमीपणा नाही.

बसवणे. पट्ट्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. पट्ट्याला तेलकट हात लावू नका. ड्रमचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. या वर्गातल्या कित्येक गाड्यांना तो 50 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. इंजिन चालू करण्याआधी मागची पुली हाताने फिरवत राहा, म्हणजे खोल गेलेला पट्टा काठापर्यंत वर येतो.

पुढची पुली उघडली असेल तर दुप्पट सावध राहा. पट्टा तिच्या दोन तबकड्यांच्या मध्ये चिमटला गेला तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात ढिलाच असतो. पुढे तो सैल होऊन क्रँकचे दात खातो आणि खर्च क्लचच्या कितीतरी पट होतो.

चाचणी. डबल स्टँडवर आयडलिंगला चाक हळू फिरले तर घाबरू नका, ब्रेक हलका दाबताच ते थांबायला हवे. थांबत नसेल तर आयडलिंग जास्त आहे किंवा शूची स्प्रिंग तुटली आहे. पहिले काही दिवस डबलसीट घेऊन घाट चढू नका. सिग्नलच्या चढावर गाडी रेसवर धरून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, ब्रेक धरा. नवे शू त्या घसरण्यानेच तापतात आणि त्यांच्यावर पुन्हा तीच चकाकी चढते.